यूसीएलएच्या प्रशिक्षकांना वुडन यांच्या मापाने मोजावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कशाबद्दल आहे?

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजेच यूसीएलएच्या, पुरुष बास्केटबॉल संघाने जॉन वुडन यांच्या प्रशिक्षणाखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांपैकी १९६७ ते १९७३ ही सात विजेतेपदे सलग होती. वुडन १९७५ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर जीन बार्टो यांच्यापासून मिक क्रोनिन यांच्यापर्यंत दहा पूर्णवेळ प्रशिक्षक आले आणि या दहा जणांच्या नावावर मिळून एकच राष्ट्रीय विजेतेपद आहे. ते जिम हॅरिक यांनी १९९५ मध्ये मिळवले. उरलेल्या नऊ जणांपैकी कोण चांगला, कोण बरा आणि कोणाला नेमणे ही चूक होती, यावर यूसीएलएचे चाहते आणि माजी विद्यार्थी पन्नास वर्षे वाद घालत आहेत, आणि जवळपास प्रत्येक वादात मोजपट्टी एकच असते: वुडन.

या पृष्ठावरील उत्तरांमागे एक ठाम मत आहे, ते आरंभीच सांगितलेले बरे. चाहत्यांनी तुलना करण्यात गैर काही नाही, परंतु ते ज्या वुडन यांच्याशी तुलना करतात ते सत्तावीस वर्षे प्रशिक्षक असलेले वुडन नसून केवळ शेवटच्या बारा वर्षांचे वुडन असतात. पहिली पंधरा वर्षे विसरल्यामुळे जवळपास प्रत्येक उत्तराधिकाऱ्यावर अन्याय झाला आहे.

महाविद्यालयाच्या संघात प्रशिक्षकाला इतके महत्त्व का असते?

खेळाडू येतात आणि चार वर्षांत, आता तर बहुधा त्याआधीच, निघून जातात. प्रशिक्षक मात्र टिकतो. व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंची निवड मालक आणि व्यवस्थापक करतात, तर महाविद्यालयात कोणत्या शाळकरी मुलाच्या घरी जायचे, त्याच्या आईवडिलांना काय सांगायचे, कोणाला शिष्यवृत्ती द्यायची आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे सारे मुख्य प्रशिक्षकाच्या हाती असते. म्हणूनच विद्यापीठाचे चाहते एखाद्या काळाची आठवण खेळाडूंच्या नावाने कमी आणि प्रशिक्षकाच्या नावाने अधिक काढतात.

एखादा संघ इतकी वर्षे सलग जिंकू शकतो, हे आपल्याकडच्या वाचकाला कसे कळावे?

मराठी वाचकाला ते चटकन कळेल. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला आणि १९७३-७४ च्या हंगामात उपांत्य सामन्यात कर्नाटकाने ती मालिका खंडित केली. यूसीएलएची सलग सात विजेतेपदांची मालिकाही मार्च १९७४ मध्ये उपांत्य फेरीतच, नॉर्थ कॅरोलिना स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा डावानंतर ८०-७७ अशी तुटली. करंडक आपल्याच घरचा आहे असे मानून वाढलेल्या पिढीला नंतरचे प्रत्येक वर्ष उणे वाटते, हा अनुभव दादर-शिवाजी पार्कातील जुन्या क्रिकेटप्रेमींना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वुडन यांची कामगिरी आकड्यांत कशी मांडावी?

यूसीएलएमधील त्यांचा एकूण लेखा ६२० विजय आणि १४७ पराभव असा आहे, म्हणजे सुमारे ८०.८ टक्के विजय. परंतु हा आकडा दोन अगदी वेगळ्या कालखंडांची सरासरी आहे आणि खरी गोष्ट त्या दोन तुकड्यांत दडलेली आहे. १९६३-६४ पासूनच्या शेवटच्या बारा हंगामांत त्यांच्या संघाने ३३५ सामने जिंकले आणि केवळ २२ गमावले. १९६४, १९६७, १९७२ आणि १९७३ या चार हंगामांत तर संघ एकदाही हरला नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये नोत्र देमने ७१-७० असे हरवेपर्यंत सलग ८८ विजय नोंदले गेले. ही टक्केवारी ९४ च्या जवळ जाते.

आता त्याआधीची पंधरा वर्षे पाहा. १९४८ मध्ये वुडन इंडियाना स्टेटहून आले तेव्हा त्यांच्या हाती आलेला संघ आदल्या हंगामात १२-१३ (१२ विजय, १३ पराभव) असा घसरलेला होता. त्यांनी पहिल्याच वर्षी तो २२-७ वर नेला, हे खरेच मोठे काम होते. परंतु १९६२-६३ पर्यंतच्या पंधरा हंगामांचा हिशेब २८५ विजय आणि १२५ पराभव असा येतो, म्हणजे ६९.५ टक्के. या काळात राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचण्याचा मान त्यांना प्रथम १९६२ मध्ये, चौदाव्या हंगामात मिळाला आणि तेथे सिनसिनाटीने त्यांना दोन गुणांनी हरवले. संघ एका जुन्या, कोंदट, दोनेक हजार प्रेक्षकांच्या व्यायामशाळेत खेळत असे. पॉली पॅव्हिलियन हे आजचे क्रीडागृह १९६५ मध्ये उभे राहिले, म्हणजे पहिली दोन विजेतेपदे मिळाल्यानंतर.

मला या पंधरा वर्षांबद्दल विशेष आस्था आहे, कारण वुडन घडले ते याच वर्षांत. १९६३-६४ चा संघ उंचीने लहान होता. त्यात साडेसहा फुटांचा एकही मुख्य खेळाडू नव्हता. सहायक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहामुळे वुडन यांनी संपूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याला घेरणारा बचाव स्वीकारला आणि वॉल्ट हॅझर्ड व गेल गुडरिच यांच्या या संघाने तीसच्या तीस सामने जिंकले. पन्नाशी ओलांडलेल्या प्रशिक्षकाने सहायकाचे ऐकून आपली पद्धत बदलली आणि त्यातून त्याचे पहिले विजेतेपद आले. आजच्या काळात त्याला तोवर पदावर ठेवले असते का, हा प्रश्न प्रत्येक चाहत्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा.

मग विजयाच्या टक्केवारीवरून तुलना करणे योग्य ठरेल का?

केवळ टक्केवारीने न्याय करायचा असेल तर निकाल असा लागतो की चाहत्यांनाच तो मान्य होणार नाही. जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ विजय आणि ९ पराभव अशी कामगिरी केली, म्हणजे ८५ टक्क्यांहून अधिक. त्यांच्यानंतर आलेल्या गॅरी कनिंगहॅम यांनी दोन हंगामांत ५० विजय आणि ८ पराभव, म्हणजे ८६ टक्क्यांहून अधिक. दोघेही एकूण टक्केवारीत खुद्द वुडन यांच्या पुढे आहेत. तरीही बार्टो यांची आठवण ‘वुडन यांच्यानंतर आलेला आणि न टिकलेला माणूस’ अशीच काढली जाते आणि कनिंगहॅम यांचे नाव तरुण चाहत्यांना बहुधा ठाऊकही नसते. दोन वर्षांची टक्केवारी सत्तावीस वर्षांच्या टक्केवारीशेजारी ठेवू नये, हे उघडच आहे. परंतु मग पहिल्या दोन वर्षांचा निकाल बारा सोनेरी वर्षांच्या निकालाशेजारी ठेवून माणसाला नापास करणेही तितकेच चुकीचे आहे.

एक तुलना मात्र मला उद्बोधक वाटते. बेन हाउलँड यांनी २००३ ते २०१३ या दहा हंगामांत २३३ विजय आणि १०७ पराभव नोंदवले, म्हणजे ६८.५ टक्के. वुडन यांच्या पहिल्या पंधरा हंगामांच्या टक्केवारीच्या अगदी जवळची ही संख्या आहे. हाउलँड यांनी त्या काळात संघाला २००६, २००७ आणि २००८ असे लागोपाठ तीन वेळा अंतिम चारमध्ये नेले. त्यांना २०१३ मध्ये काढून टाकण्यात आले, तेही संघाने आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या ज्या गटात तो नियमित साखळी सामने खेळतो त्या गटाचे, साखळी विजेतेपद मिळवलेल्या वर्षी.

जीन बार्टो यांना खरोखरच अन्यायाने वागवले गेले का?

होय, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटचे प्रशिक्षक बार्टोच होते. त्या रात्री यूसीएलएच्या बिल वॉल्टनने बावीसपैकी एकवीस फेकी यशस्वी करून ४४ गुण मिळवले आणि बार्टो यांचा संघ ८७-६६ असा हरला. दोन वर्षांनी त्याच बार्टो यांनी वुडन यांची खुर्ची स्वीकारली. नोव्हेंबर १९७५ मधील त्यांचा पहिलाच सामना बॉब नाइट यांच्या इंडियानाशी पडला आणि यूसीएलए २० गुणांनी हरला; त्या हंगामात इंडियाना एकदाही पराभूत झाला नाही, ही गोष्ट टीकाकारांनी ध्यानात घेतली नाही. बार्टो यांनी त्याही वर्षी संघाला अंतिम चारपर्यंत नेले आणि तेथे पुन्हा इंडियानाच आडवा आला. दुसऱ्या वर्षी आयडाहो स्टेटसारख्या अनपेक्षित प्रतिस्पर्ध्याने एका गुणाने हरवले, आणि चाहत्यांच्या दृष्टीने विषय तेथे संपला.

स्थानिक वृत्तपत्रांतील आणि रेडिओवरील टीका त्यांना जिव्हारी लागत असे. दोन वर्षांनी त्यांनी अॅलाबामातील बर्मिंगहॅमच्या तरुण विद्यापीठात जाऊन बास्केटबॉलचा संघ शून्यातून उभा केला. तेथील क्रीडागृहाला आज त्यांचे नाव आहे. ५२-९ ही कामगिरी ज्यांना पुरेशी वाटली नाही त्यांच्याकडून पुढच्या कोणत्याही प्रशिक्षकाला संयमाची अपेक्षा करता येत नव्हती, आणि पुढील दशकात तसेच घडले. १९७५ पासून १९८८ पर्यंतच्या तेरा वर्षांत पाच प्रशिक्षक येऊन गेले. यातील एक योगायोग सांगण्याजोगा आहे: २०१८ च्या अखेरीस तेव्हाचे प्रशिक्षक स्टीव्ह अल्फोर्ड यांना हटवल्यानंतर हंगामाच्या मध्यात ज्यांच्यावर हंगामी जबाबदारी आली ते मरी बार्टो हे जीन बार्टो यांचेच चिरंजीव होत.

वुडन यांच्या काळातील राष्ट्रीय स्पर्धा आणि आजची स्पर्धा सारखीच होती का?

मुळीच नाही, आणि वादातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. १९६४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत २५ संघ होते आणि विजेतेपदासाठी यूसीएलएला चार सामने जिंकावे लागले. १९७५ मध्ये, वुडन यांच्या अखेरच्या वर्षी, संघ ३२ झाले आणि पाच विजय लागले. १९८५ पासून ६४ संघांची स्पर्धा सुरू झाली आणि तेव्हापासून किमान सहा विजय लागतात. प्रत्येक सामना बाद पद्धतीचा, म्हणजे एक वाईट संध्याकाळ आणि हंगाम समाप्त. शिवाय त्या काळी गटवाटणी भौगोलिक होती. पश्चिमेकडील संघ पश्चिमेच्या गटातच खेळत, आणि देशातील अनेक बलाढ्य संघ पूर्वेला व मध्यपश्चिमेला असल्यामुळे यूसीएलएची त्यांच्याशी गाठ शेवटच्या दोन सामन्यांतच पडे.

मिक क्रोनिन यांच्या २०२१ च्या संघाशी याची तुलना करून पाहा. त्या संघाला मुख्य फेरीत थेट प्रवेशही मिळाला नव्हता. प्राथमिक सामन्यात मिशिगन स्टेटला जादा डावात हरवून त्यांनी सुरुवात केली, मग ब्रिगहम यंग, अॅबिलीन ख्रिश्चन, अॅलाबामा आणि मिशिगन या चौघांना नमवले आणि उपांत्य फेरीत तोवर अपराजित असलेल्या गोंझागाविरुद्ध जादा डावात, जेलन सग्जने अगदी शेवटच्या क्षणी दुरून टाकलेल्या चेंडूवर ९३-९० असा पराभव पत्करला. १९६४ मध्ये चार विजयांत विजेतेपद मिळाले. २०२१ मध्ये पाच विजय मिळवूनही अंतिम सामना गाठता आला नाही. म्हणून क्रोनिन वुडन यांच्याहून श्रेष्ठ ठरत नाहीत, पण ‘किती वेळा जिंकले’ हा प्रश्न ‘काय जिंकावे लागत होते’ या प्रश्नावाचून अपुरा आहे, एवढे नक्की.

ही सारी सबब वुडन यांचे मोठेपण कमी करण्यासाठी तर नाही?

नाही, आणि तसा समज होऊ नये म्हणून दुसरी बाजूही पूर्ण सांगायला हवी. १९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाई. आज कॉन्फरन्समध्ये चौथ्या-पाचव्या स्थानावर आलेल्या संघालाही संधी मिळते. त्या काळी पहिले स्थान हुकले की घरी बसावे लागे. १९७०-७१ मध्ये शेजारच्या साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २४ सामने जिंकले आणि केवळ दोन गमावले, तेही दोन्ही यूसीएलएविरुद्ध, आणि तरी त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत स्थान नव्हते. वुडन यांच्या संघालाही १९६६ मध्ये हाच नियम नडला. तेव्हा स्पर्धा छोटी होती म्हणून सोपी होती, असे म्हणणाऱ्याने त्या स्पर्धेच्या दारापर्यंत पोहोचण्याची वाटही पाहावी. सलग सात वर्षे एकही बाद सामना न हरणे ही गोष्ट कोणत्याही रचनेत अद्भुतच आहे.

खेळाडूंच्या बाबतीत काय बदलले?

जवळजवळ सर्वच. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखला गेलेला खेळाडू, १९६५ मध्ये आला तेव्हा त्याच्यासह नवख्यांच्या संघाने पॉली पॅव्हिलियनच्या उद्घाटनाच्या वेळी यूसीएलएच्याच मुख्य संघाला, म्हणजे नुकत्याच राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या संघाला, ७५-६० असे हरवले. तरीही त्याला एक वर्ष थांबावे लागले. त्यानंतर मात्र तो पुरे तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वर्षे विजेतेपद आले. वॉल्टनही तीन हंगाम खेळला. प्रशिक्षकाला घडवायला वेळ मिळे आणि घडवलेले वापरायलाही वेळ मिळे.

हाउलँड यांच्या काळात केव्हिन लव्ह एका वर्षात आणि रसेल वेस्टब्रुक दोन वर्षांत व्यावसायिक लीगमध्ये गेले. अल्फोर्ड यांच्याकडे लोंझो बॉल एकच हंगाम होता. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर थांबण्याची अटही सैल झाली, त्यामुळे आजच्या प्रशिक्षकाला दर वसंत ऋतूत संघाचा मोठा भाग नव्याने जमवावा लागतो. २०२४ मध्ये यूसीएलए बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेला, आणि पूर्वी मुख्यतः पश्चिमेकडील राज्यांत होणारा प्रवास आता न्यू जर्सीपर्यंत होतो.

सॅम गिल्बर्ट यांचे नाव या वादात का येते?

कारण ते टाळून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल. गिल्बर्ट हे लॉस एंजेलिसमधील श्रीमंत बांधकाम व्यावसायिक आणि संघाचे पाठीराखे होते, आणि ते खेळाडूंना नियमबाह्य मदत करीत असल्याचे पुढे उघड झाले. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९८१ मध्ये यूसीएलएवर कारवाई केली, विद्यापीठाला गिल्बर्ट यांच्याशी संबंध तोडण्यास सांगितले आणि तेव्हाचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांच्या संघाचे १९८० चे उपविजेतेपद नोंदींतून काढून टाकले. कारवाईचा भार वुडन यांच्यानंतरच्या काळावर पडला आणि वुडन यांना स्वतःला कोणतीही शिक्षा झाली नाही; परंतु गिल्बर्ट यांचा वावर त्यांच्या काळातही होता. वुडन यांचे शिकवण्याचे कौशल्य यामुळे खोटे ठरत नाही. तरीही नंतरच्यांना वारशात विजेतेपदांचे फलक मिळाले तशीच ही कारवाईही मिळाली, हे विसरता येत नाही. ब्राउन यांच्यानंतर प्रशिक्षक झालेल्या लॅरी फार्मर यांना पहिल्याच हंगामात राष्ट्रीय स्पर्धेची दारे बंद होती, ती त्यांच्या कोणत्याही चुकीमुळे नव्हे.

वुडन यांच्याच तालमीत वाढलेला माणूस नेमला असता तर बरे झाले असते, असे अनेक जण म्हणतात. ते खरे आहे का?

हा प्रयोग तीनदा झालेला आहे. कनिंगहॅम हे वुडन यांचे खेळाडू आणि नंतर सहायक होते. दोन उत्तम वर्षांनंतर त्यांनी स्वतःहून पद सोडले. फार्मर यांचा खेळाडू म्हणून मुख्य संघातील लेखा ८९ विजय आणि एक पराभव असा होता, आणि प्रशिक्षक म्हणून ६१-२३. हॅझर्ड तर पहिल्या विजेतेपदाचे नायकच, पण चार वर्षांनंतर त्यांनाही जावे लागले. घरच्या माणसाला पाहुण्यापेक्षा अधिक सवलत मिळेल, हा समज येथे खोटा ठरला. ज्याने स्वतः ८९ सामने जिंकून एकच गमावला आहे त्याच्या संघाने वर्षात दहा सामने गमावले, तर लोक त्याला त्याच्याच आठवणीने मारतात.

जिम हॅरिक यांनी विजेतेपद मिळवले, मग त्यांना मानाचे स्थान का नाही?

विजेतेपदाचा मान त्यांना आहेच. मार्च १९९५ मध्ये मिसुरीविरुद्ध ४.८ सेकंद शिल्लक असताना टायस एडनी चेंडू घेऊन संपूर्ण कोर्ट धावला आणि ७५-७४ असा विजय मिळाला, तो क्षण यूसीएलएच्या घराघरांत आजही सांगितला जातो. अंतिम सामन्यात एडनी जखमी असताना एड ओ’बॅननच्या ३० गुणांच्या बळावर अर्कान्सासला ८९-७८ असे हरवले गेले. परंतु पुढच्याच वर्षी पहिल्या फेरीत प्रिन्स्टनने ४३-४१ असा धक्का दिला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये एका भोजनाच्या खर्चाच्या नोंदीबाबत खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून विद्यापीठाने त्यांना काढले. त्यांचे मूल्यमापन करताना खेळ आणि वर्तन या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. खेळाच्या नोंदीत ते वुडन यांच्यानंतरचे सर्वांत यशस्वी प्रशिक्षक आहेत.

चाहते कधी बरोबरही ठरले आहेत का?

निश्चितच. हॅरिक यांच्यानंतर आलेल्या स्टीव्ह लॅव्हिन यांच्या संघाने सहा वर्षांत पाच वेळा अंतिम सोळांत स्थान मिळवले, म्हणून बाहेरच्यांना चाहत्यांची नाराजी अनाकलनीय वाटे. परंतु नियमितपणे सामने पाहणाऱ्यांना दिसत होते की गुणी खेळाडू येतात, पण वर्षागणिक सुधारत नाहीत, आणि हंगामाच्या मध्यात संघ आपल्याहून दुबळ्यांकडून मोठ्या फरकाने हरतो. २००२-०३ मध्ये संघ १०-१९ वर आला. १९४७-४८ नंतर प्रथमच विजयांहून पराभव अधिक झाले. अल्फोर्ड यांच्या बाबतीतही बचावातील ढिलाईबद्दलची तक्रार खरी होती, जरी विद्यापीठाच्या आवारावरून त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक विमानाने फिरवणे मला शोभनीय वाटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लिबर्टी विद्यापीठाकडून घरच्या कोर्टवर हरल्यानंतर त्यांचे पद गेले. या दोन्ही वेळी चाहत्यांनी वुडन यांचे आकडे पुढे केले नव्हते. समोर दिसणाऱ्या खेळाबद्दल ते बोलत होते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे टिकले.

अशी तुलना इतर विद्यापीठांत होते का?

होते. केंटकीमध्ये टबी स्मिथ यांनी १९९८ मध्ये पहिल्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पण तो संघ त्यांच्या आधीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी बांधलेला होता, असे म्हणत तेथील अनेकांनी त्यांना पूर्ण श्रेय कधीच दिले नाही. पहिल्या वर्षी जिंकले तर वारसा आणि नंतर हरले तर नालायकी, असा तो हिशेब होता.

वुडन यांच्यावर स्वतःवर अशी टीका झाली होती का?

झाली होती, आणि तीही त्यांच्या अखेरच्या विजयाच्या दिवशी. ३१ मार्च १९७५ रोजी सॅन डिएगो येथे केंटकीला ९२-८५ असे हरवून त्यांनी दहावे विजेतेपद मिळवले. सामना संपल्यावर संघाच्या एका पाठीराख्याने त्यांचे अभिनंदन केले आणि गेल्या वर्षी केलेल्या निराशेची आता भरपाई झाली, असे ऐकवले. हा प्रसंग वुडन पुढे अनेकदा सांगत. निवृत्तीनंतर ते घरच्या सामन्यांना येत आणि यूसीएलएच्या बाकामागे बसत. २०१० मध्ये नव्व्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची वागणूक कायम सौजन्याची असली, तरी समोर खेळणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला ते मागे बसलेले आहेत याची जाणीव असणारच. २००३ पासून तर कोर्टलाच त्यांचे व त्यांच्या पत्नी नेल यांचे नाव आहे, आणि छताखाली राष्ट्रीय विजेतेपदांचेच फलक लावण्याची रीत असल्यामुळे अंतिम चारमध्ये तीनदा पोहोचलेल्या हाउलँड यांच्या कामाची तेथे खूण नाही.

मग विद्यमान प्रशिक्षकाचे मूल्यमापन करताना काय पाहावे?

प्रथम, हाती काय आले आणि त्याचे काय केले. क्रोनिन यांना २०१९ मध्ये विस्कळीत संघ मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी तो अंतिम चारमध्ये होता. मग, खेळाडू एका हंगामात किती सुधारतात. जेमी हाकेझ ज्युनियरला चार वर्षे पाहिलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. त्यानंतर, वाईट वर्षातून संघ बाहेर येतो की नाही. २०२३-२४ चा १६-१७ असा हंगाम वाईटच होता आणि त्याबद्दल प्रशिक्षकाला जाब विचारणे योग्यच होते. पुढच्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेत परतला, हेही त्याच वहीत लिहावे.

आणि वुडन यांच्याशी तुलना करायचीच असेल, तर समान टप्प्यावर करावी. २०२५ मध्ये क्रोनिन यांचे सहा हंगाम पूर्ण झाले. त्यांत एकदा अंतिम चार आणि त्यानंतर २०२२ व २०२३ मध्ये अंतिम सोळा, अशी नोंद आहे. सहा हंगाम पूर्ण झाले तेव्हा, म्हणजे १९५४ मध्ये, वुडन यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा जाऊन आला होता आणि तेथे त्याला एकही सामना जिंकता आला नव्हता. त्यांचे पहिले विजेतेपद तेव्हा आणखी दहा वर्षे दूर होते.